वहीत वारलेला शिवप्पा

शिवप्पा खंकरे वारला, ही बातमी सगळ्यात शेवटी कळली ती खुद्द शिवप्पा खंकऱ्याला. तीही फोनवर. ज्या बाईनं ती सांगितली तिच्या हातातून फोनच गळून पडला, कारण मेलेला माणूस पलीकडून "हॅलो, हॅलो, ऐकू येऊन राहिलं का?" असं ओरडत होता.

पण असं मधूनच सुरू केलं तर घोटाळा होईल. आधी माणूस कोण, ते सांगायला पाहिजे.

उदगीरला चौबाऱ्याच्या मागच्या गल्लीत शिवप्पाचं भांड्यांचं दुकान. बापानं पितळेवर चालवलं, यानं स्टीलवर. घागरी, पराती, डबे, तांबे. आणि भांड्यावर नाव घालून मिळायचं. लग्नाचा हंडा असो की दिवसकार्याला वाटायचे पेले, नाव शिवप्पाच्याच हातचं पाहिजे, असं देवणीपर्यंतचे लोक म्हणत. अक्षर मोत्यासारखं आणि जीभ कातरीसारखी. कुणी आईच्या 'स्मरणार्थ' पेले घ्यायला आलं, की नाव घालायची मशीन घर्र करायच्या आधी हा विचारणार, "म्हातारी जित्ती असताना तिला पेलाभर पाणी दिल्तं का रे? का आत्ताच आठवण येऊन राहिली?" गिऱ्हाईक मान खाली घालायचं, पण दुसऱ्या दुकानात जायचं नाही. शिव्या खाव्यात तर चांगल्या अक्षरवाल्याच्या खाव्यात.

ते दिवस दुष्काळाचे. पावसानं सलग पाठ फिरवलेली. उदगीरच्या नळाला महिन्यातून एकदा पाणी, आणि त्या एकदाचीही तारीख नक्की नाही. पुढं लातूरला तर रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली. तिथं पाण्यासाठी जेवढी रांग, तेवढीच रेल्वेच्या डब्याला हात लावून फोटो काढणाऱ्यांची. अशा काळात शिवप्पाच्या घागरी मात्र धडाधड खपल्या. "पाणी न्हाई, पण घागर पायजे," तो म्हणायचा. "आपली माणसं लई आशेवाली. मढ्याला बी चप्पल घेऊन ठिवतील, उठलंच तर पाय भाजू नयेत म्हणून."

दुसरी आशा जिल्ह्याची. ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला आणि उदगीरच्या तोंडाला पानं पुसली गेली. तेव्हापासून दर सव्वीस जानेवारीला, एक मेला आणि पंधरा ऑगस्टला उदगीर जिल्हा होतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तालुका म्हणून उठतो. या कामासाठी एक कृती समिती होती. तिचा सचिव म्हणजे शिवप्पाचा धाकटा भाऊ चंद्रप्पा. त्यानं दुकानाच्या पाटीवर 'जि. उदगीर' असं आधीच रंगवून घेतलं होतं. "बाजारात तुरी अन् घरात मारामारी," असं म्हणत शिवप्पा त्या पाटीखालून रोज दुकानात शिरायचा.

मार्च पंधरामध्ये एका दुपारी शिवप्पा एका परातीवर नाव घालत होता. डावा हात अचानक दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा झाला. परात सुटली, शिवप्पा तोंड वाकडं करून घागरींच्या चळतीवर कोसळला, आणि चळत सगळी गल्लीत घरंगळली. आवाज एवढा झाला की समोरचा पानवाला म्हणे ओरडला, "जिल्हा झाला वाटतं!"

जिल्हा नव्हता झाला. फिट आली होती.

नांदेडला एका संस्थेचं मेडिकल कॉलेज आहे. नाव सांगत नाही, उगाच त्यांची जाहिरात कशाला. तिथं डोक्याचे फोटो निघाले, आत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, गाठीचा तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट आला त्या दिवशी मोठे डॉक्टर म्हणाले, "पेशंटला जरा बाहेर बसवा."

आता बघा गंमत. डोकं शिवप्पाचं, गाठ शिवप्पाची, टाके शिवप्पाच्या टकलावर. आणि बाहेर बाकड्यावर कोण? शिवप्पा. आत त्याची बायको नीलाबाई आणि चंद्रप्पा. अर्ध्या तासानं दोघं बाहेर आले. नीलाबाईचे डोळे लाल, चंद्रप्पाच्या तोंडावर समितीच्या बैठकीत असतं तसलं हसू.

"अण्णा, साधी चरबीची गाठ हाय. निघाली बी."

"अन् आता?"

"आता तीस दिवस शेक घ्यायचा मशीनवर."

"चरबीच्या गाठीला तीस दिवस शेक? मग उदगीरच्या निम्म्या बाजाराला इथं आणून बसवा की!"

कुणी हसलं नाही. तेव्हाच शिवप्पानं ओळखलं की दाल में काला आहे, आणि तो काळा भाग आपणच आहोत.

घरी आल्यावर तर कहरच. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ही मूठ फक्त शिवप्पापुरतीच झाकलेली. न्हाव्याला ठाऊक, पानवाल्याला ठाऊक, मठातल्या अय्यांना ठाऊक. दीडशे माणूस बघायला आलं. अर्धापुरी केळीचे घड आले, ते गल्लीला पुरून उरले. प्रत्येक जण खुर्ची ओढून बसणार, टकलावरचे टाके डोळ्यांनी मोजणार, आणि म्हणणार, "काय न्हाई, हुतंय बरं." उठताना नीलाबाईला बाजूला घेऊन हळू आवाजात काहीतरी विचारणार. शिवप्पाला त्या कुजबुजीचा राग यायचा, मस्तकातला टाका तुटेल एवढा.

"अगं, मी बरा हुणार असलो तर ही जत्रा कशाला?" तो नीलाबाईला विचारायचा. "खरं काय ते तोंडावर सांग की एकदा. किती दिवस हायेत माझे? मला माझं ठरवू दे. दुकानाचं, मशीनचं, तुझं."

"शिव शिव! कायतरीच. शंभर वर्सं हायेत," असं म्हणून ती स्वयंपाकघरात पळायची.

एवढीच त्याची भूक होती. मरायला तो भीत नव्हता असं नाही, भीत होता, रात्रभर भीत होता. पण आपल्या मरणाची खबर सगळ्या गावाला आणि आपल्यालाच नाही, हे त्याला सोसवत नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांच्या मरणाच्या तारखा यानं भांड्यांवर घातल्या, आणि याच्या वाट्याला केळी.

मग फोन सुरू झाले. दर महिन्याच्या मध्याला, नांदेडहून. मुलीचा आवाज.

"काका, मी डॉक्टर पंचशीला सोनसळे. कॉलेजात शिकते. तुम्हाला फिट आली का या महिन्यात? हात उचलतो का? चालता येतं का?"

ही मुलगी हदगावकडची. पॅथॉलॉजीचं पुढचं शिक्षण घेत होती, म्हणजे कापलेल्या गाठी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकातून बघायचं शिक्षण. शिवप्पाला तिचा सूर आवडला. त्यात 'हुतंय बरं' नव्हतं. दुसऱ्या का तिसऱ्या फोनला यानं विचारलं, "बाई, तुमी हे सगळं इचारून काय करून राहिल्या?"

"प्रबंध लिहिते, काका. गाठीत कोणत्या पेशी किती आहेत ते मोजते, आणि मग पेशंट कसे राहतात ते बघते."

"कसे राहतात, का किती दिवस राहतात?"

पलीकडं पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "किती दिवस."

शिवप्पा भिंतीला टेकला. एक का होईना, खरं बोलणारं माणूस भेटलं होतं. "मग माझे किती?"

"ते मला आज माहीत नाही, काका. खरंच नाही. चाळीस जणांचं मोजून झालं की थोडंफार कळेल."

"मग कळलं की मला सांगायचं. बाहेर बसवायचं न्हाई."

"सांगेन," ती म्हणाली. त्या दिवसापासून शिवप्पा त्या फोनची वाट बघायला लागला. डावा पाय ओढत दुकानात यायचा, गल्ल्यावर बसायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला टोचायचा, आणि महिन्याच्या मध्याला मोबाईल मांडीवर घेऊन बसायचा.

फेब्रुवारीत कावळ्यानं घोळ घातला.

परसात पाण्याचा ड्रम होता. दुष्काळात माणसाला पाणी नाही तिथं पाखराला कुठलं? ड्रमाच्या झाकणावरच्या दोन थेंबांसाठी कावळे भांडत होते. शिवप्पा खाली ऊन खात बसला होता. त्यातल्या एकानं उडताना याच्या टकलावर पंजा रोवला. टाक्यांच्या व्रणावरच.

नीलाबाईनं जी किंकाळी फोडली, ती ऐकून भिंतीपलीकडची शांतम्मा धावत आली. डोक्याला कावळा शिवला म्हणजे मरणाचा सांगावा, हे आपल्याकडं लहान पोरालाही ठाऊक. त्यावर उताराही तेवढाच जुना. आधी अंगावरच्या कपड्यांसकट आंघोळ. मग लांबच्या कुणा मायेच्या माणसाला 'हे गेले' म्हणून खोटीच खबर धाडायची. ते माणूस मनापासून रडलं की मरणाला त्याचा वाटा मिळाला, ते परत फिरतं. दोन दिवसांनी खरं कळवायचं आणि रडणाऱ्याचं तोंड गोड करायचं.

पण आंघोळीला पाणी कुठं होतं? नळ येऊन वीस दिवस झालेले, ड्रमात तळाला दोन घागरी. शांतम्मा म्हणाली, ओल्या फडक्यानं पुसलं तरी चालतं. चंद्रप्पा म्हणाला, शास्त्रात तसं नाही. एवढा वेळ दोघं भांडले की तेवढ्यात दुसरा कावळा येऊन गेला असता. शेवटी एक तांब्याभर पाणी शिवप्पाच्या डोक्यावर धरलं, आणि खाली परात ठेवून ते पुन्हा भांडी घासायला घेतलं.

"अन् आता मला मारा," शिवप्पा निथळत म्हणाला. "कुणाला कळवताय?"

खबरीचं काम तर त्याहून अवघड निघालं. पोस्टकार्डाच्या जमान्यात जमायचं. कार्ड जायचं, माणूस रडायचं. आता मोबाईल. नीलाबाईनं भालकीला भावाला फोन लावला आणि हुंदका देऊन सांगितलं. भाऊ म्हणाला, "कावळा शिवला काय गं?" निलंग्याच्या मावशीला लावला. ती म्हणाली, "डोक्याला का खांद्याला?" कुणाच्या डोळ्यातून टिपूस नाही. शिवप्पा ओल्या सदऱ्यात बसून हसत होता. "बग, आपलं सोयरं. मेलो तरी पुरावा मागून राहिलं."

तेवढ्यात आत ठेवलेला शिवप्पाचा मोबाईल वाजला. नीलाबाई आत गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली ती पदरानं डोळे पुसत.

"झालं," ती म्हणाली. "रडलं."

"कोण रडलं?"

"रडलं एक माणूस. लई रडलं." आणि ती परात उचलून गेली.

शिवप्पानं पुढं विचारलं नाही. एवढ्या मोठ्या जगात आपल्यासाठी एक तरी माणूस रडलं, हे बरंच झालं असं त्याला वाटलं.

पण मार्चमध्ये नांदेडचा फोन आला नाही. एप्रिलमध्येही नाही. शिवप्पा मोबाईल उलटा-सुलटा करून बघायचा. मग मनातल्या मनात त्यानं निकाल लावला: हिचंही मोजून झालं असणार आणि ही पण त्यांच्यात सामील झाली. 'बाहेर बसवणाऱ्यां'त. त्याला हे भावाच्या खोटेपणापेक्षा जास्त लागलं.

मे महिन्यात एके सकाळी त्यानं स्वतःच नंबर लावला. झाडायचीच होती तिला.

"हॅलो. शिवप्पा खंकरे बोलतोय, उदगीर."

खाड् करून काहीतरी पडलं. मग दुरून आवाज आला, "कोण? कोण बोलतंय?"

"हॅलो, हॅलो, ऐकू येऊन राहिलं का? शिवप्पा! भांडेवाला! गाठवाला!"

"काका," आवाज कापत होता, "तुम्ही तर वारलात."

शिवप्पानं छातीवर हात ठेवून बघितलं. धडधड चालू होती. "कवा?"

"सोळा फेब्रुवारीला. मी फोन केला होता. एका बाईंनी उचलला, रडत होत्या. म्हणाल्या, सकाळीच गेले."

"अन् तुमी रडलात."

"...हो."

"म्हंजे ते तुमी व्हय!" शिवप्पा असा हसला की दुकानातल्या पराती थरथरल्या असं पानवाला सांगतो, पानवाल्याचं सोडा, पण हसला खरं. हसता हसता डोळ्यात पाणी आलं, आणि पुसता पुसता डोक्यात राग शिरला. "म्हंजे तुमच्या वहीत मी मेलेला हाय?"

"अकरा महिने, मृत्यू. काका, प्रबंध परवा जमा करायचाय."

"उद्या येतो. जित्ता."

नीलाबाईला त्यानं काही विचारलं नाही. आधी जिवंत होऊन येऊ, मग हिच्याकडं बघू, असा त्याचा हिशेब. घरात एवढंच म्हणाला, तपासायला बोलावलंय. चंद्रप्पाला नांदेडला जायचंच होतं. मुखेडकरांना नव्या जिल्ह्यात घ्यायचं की नाही यावर तिथं समितीची बैठक होती. मुखेडकरांना कुणी विचारलं नव्हतं, आणि जिल्हाही नव्हता, पण बैठक होती. जळकोट, कंधार, लोहा करत एसटी निघाली. दोन्हीकडं शेतं अशी उघडी पडलेली की ढेकूळसुद्धा सावली शोधत असावं. शिवप्पा खिडकीला डोकं टेकून बसला, ओल्या फडक्यानं टक्कल झाकून.

कॉलेजात चंद्रप्पा त्याला बाकड्यावर बसवून बैठकीला पळाला. पंचशीला दारातून आली आणि जागीच थांबली. बारकी, चष्म्याची, पांढऱ्या कोटाच्या बाह्यांवर निळे-जांभळे डाग. तिनं आधी शिवप्पाचा हात हातात घेतला, नाडी बघितल्यासारखा. मग सोडलाच नाही.

"गरम हाय का?" शिवप्पानं विचारलं.

"आहे," ती म्हणाली आणि रडत रडत हसली.

तिच्या विभागाचे प्रमुख, ज्यांना ती 'सर' म्हणायची, त्यांना मात्र हसू आलं नाही. त्यांच्या टेबलावर प्रबंधाची छापलेली प्रत होती, आणि संगणकावर एक आलेख: खालून वर ठिपके आणि मधून तिरपी रेघ.

"हे बघा," सर म्हणाले, "तुमचा ठिपका रेघेवर फार सुंदर बसला होता."

"मग मी काय करू? मरू?"

"तसं नाही हो. पण आमच्याकडं नोंद आहे. नातेवाइकांनी कळवलंय. आता तुम्ही येऊन म्हणता मी आहे. कशावरून? काही हयातीचा दाखला? तहसीलदारांचा?"

शिवप्पानं आधी आपलाच हात उलटसुलट करून बघितला. मग म्हणाला, "साहेब, हातच्या काकणाला आरसा कशाला? तहसीलदार बी मला बघूनच लिहिणार. तुमी बघून राहिलात की!"

"एका माणसानं असा काय फरक पडतो?" सर पंचशीलाकडं वळले. "छपाई झालीये. आणि स्पष्टच बोलायचं तर..." ते शिवप्पाकडं बघून थांबले.

"बोला की," शिवप्पा म्हणाला. "चार-सहा म्हैन्यांनी खरंच हुणार हाय, मग आत्ता कामून खोडायचं, असंच ना?"

सरांनी चष्मा काढून पुसला. पंचशीला उभीच होती. हळू पण न अडखळता म्हणाली, "सर, मी बदलते. पुन्हा गणित करते. उद्या नाही जमलं तर पुढच्या खेपेला जमा करेन."

"सहा महिने जातील तुझे."

"जाऊ देत."

"मग माझी सही तेव्हाच माग," असं म्हणून सर निघून गेले. शिवप्पानं पंचशीलाकडं बघितलं. आपलं नाव कुठं जिवंत राहावं म्हणून कुणी सहा महिने देईल, असं त्याला उदगीरात दिसलं नव्हतं. तिथं तर सहा मिनिटंही समितीच्या ठरावाशिवाय मिळत नव्हती.

तिनं त्याला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. त्याच्याच गाठीची काच.

"काका, गाठीत नुसत्या गाठीच्या पेशी नसतात. आपल्या शरीराच्या पहारेकरी पेशीही आत शिरतात. त्या बारीक गोल पेशी लढायला जातात. आणि या मोठ्या, तपकिरी रंग घेतलेल्या बघा, यांनी खरं तर घाण खायची, शत्रू खायचा. पण या गाठीत त्यातल्या पुष्कळ फितूर होतात. उलट तिला वाढायलाच मदत करतात."

"कुंपणच शेत खातंय म्हणा की."

"तसंच."

"ह्या सगळ्या तपकिरी?"

"हो."

"अन् लढणाऱ्या?"

"त्या कोपऱ्यात. दोन... तीन."

शिवप्पा एक डोळा मिटून खूप वेळ बघत राहिला. "आमची जिल्हा समिती हुबेहूब," तो म्हणाला. "चाळीस खाणारे, तीन काम करणारे. अन् सचिव माझा भाऊ."

मग तिनं संगणकावर तक्ता काढला. नावं नव्हती, नुसते आकडे. तेवीस नंबर: पुरुष, बासष्ट, फितूर पेशी भरपूर, लढणाऱ्या विरळ, अकरा महिने, मृत्यू.

"तेवीस? जल्मभर दुसऱ्यांची नावं घातली म्या, अन् माझं नुसतं तेवीस?"

"नावं लिहीत नाहीत, काका."

"बरं. पण स्टीलवर घातलेली तारीख निघत न्हाई बरं का. तुमची निघती तर काढा."

तिनं अकरा खोडून चौदा केले, आणि 'मृत्यू'च्या जागी 'हयात' लिहिलं. शिवप्पानं ते दोनदा वाचलं.

"आता माझं सांगा. तुमी शब्द दिल्ता."

"काका, प्रत्येकाचं वेगळं असतं..."

"तुमी बी?" एवढंच म्हणाला तो. पण असं म्हणाला की तिनं पडदाच त्याच्याकडं वळवला.

"एकट्या माणसाचं यावरून सांगता येत नाही, हे खरंच आहे. पण ज्यांच्या काचा तुमच्यासारख्या दिसल्या, ते हे दहा जण. वाचा."

शिवप्पानं बोट लावून वाचलं. सात. नऊ. नऊ. दहा. बारा. बारा. तेरा. सोळा. सतरा. अठरा. दहाही जणांपुढं मृत्यू. अठराच्या वर कुणी नाही.

"मी चौदावर."

"हो."

"म्हंजे लई तर चार."

"कमीही. कदाचित जास्तही. पण..." तिनं मान हलवली आणि थांबली. खोटं बोलली नाही.

"बस्स," शिवप्पा म्हणाला. भीती होतीच, आणि तरीही चौदा महिन्यांत पहिल्यांदा त्याला कुणीतरी माणूस समजल्यासारखं वाटलं. त्यानं तिच्या डोक्यावर उजवा हात ठेवला. "तुमी मोठ्या डॉक्टर व्हा. अन् बाकड्यावर कुणाला बसवू नगा."

परतीच्या एसटीत चंद्रप्पा खुशीत होता. "अण्णा, पक्की खबर हाय. पंधरा ऑगस्टला जिल्हा जाहीर!"

"पक्की ना? मग जमलं," शिवप्पा म्हणाला. "तालुक्यात जल्मलो, जिल्ह्यात मरंन."

"असं कामून बोलता? तुमाला काय हुतंय!"

"तपकिरी," शिवप्पा पुटपुटला आणि खिडकीकडं वळला. चंद्रप्पाला काही कळलं नाही, आणि त्याची त्याला सवय होती.

रस्ताभर शिवप्पा मनात शब्द जुळवत होता. घरी जायचं, नीलाबाईला समोर बसवायचं, आणि तिचं एकेक खोटं तिच्या पदरात घालायचं. चरबीची गाठ. शंभर वर्सं. सोळा फेब्रुवारी. 'मला मारून टाकलंस अन् परत फोन सुदिक केला न्हाईस? आता ऐक. चार.' कंधारपासून उदगीरपर्यंत त्यानं हे इतक्या वेळा घोकलं की एवढं तर चंद्रप्पानं निवेदनही घोकलं नसेल.

दिवस मावळायच्या आत घरी पोचले. नीलाबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. ती पिठाच्या हातानंच उठली. चौदा महिन्यांत ती किती वाळली होती, हे शिवप्पाला तिथं दारात उभं राहून दिसलं.

"काय म्हणाल्या?" तिनं विचारलं.

शिवप्पानं तोंड उघडलं.

"दहा वर्सं कुठं जात न्हाई म्हणाल्या," तो म्हणाला.

घ्या! चौदा महिने सगळ्या गावाच्या खोटेपणावर तोंडसुख घेणारा माणूस, आणि तोंडातून निघालं ते हे. सगळी घोकंपट्टी उदगीरच्या स्टँडवरच उतरली असावी. त्याला स्वतःचीच लाज वाटली, म्हणून तो जास्तच जोरात बोलला, "अन् त्यांच्या वहीत मी मेलेलो व्हतो. तुझी करणी! ते बी खोडून आलो. माझ्या डोळ्यांदेखत 'हयात' लिवलं."

नीलाबाई खाली बसली.

"खोडलं?"

"मग? जित्त्या माणसाला तसंच ठिवायचं? तू परत फोन कामून केला न्हाईस?"

"करणार व्हते." ती पिठाच्या हाताकडं बघत होती. "दोनदा नंबर काढला. मंग म्हणलं, दवाखान्याच्या वहीत लिवलंय, हे गेले म्हणून. एकदा गेले म्हणून लिवल्यावर दुसऱ्यांदा न्यायला कोण येतंय? ऱ्हाऊ दे तसंच. त्या पोरीला वाईट वाटंल, तर वाटू दे."

शिवप्पाला काहीतरी बोलायचं होतं. अशिक्षितपणावर, कावळ्यावर, बायकांच्या अकलेवर. एरवी अशी चार वाक्यं त्याच्या जिभेवर तयार असत. तो नुसता तिच्यासमोर पाटावर बसला.

नीलाबाईनं ताट वाढलं. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. शेजारी भरलेला तांब्या. मग त्याच्याकडं सरळ बघत म्हणाली, "दहा वर्सं म्हणू नगा मला. आपरेशन झाल्यावर मोठ्या डॉक्टरनं आत बसवून सांगितलंय, दीड वर्स. म्या मोजून राहिले तवापासून. चार म्हैने ऱ्हायलेत."

तिनं ताट त्याच्याकडं सरकवलं.

"जेवा आता. भाकरी निवून राहिली."